केराबाईची घासाघीस

"मावशी, तोंड कितीही वाकडं करा, पाटी फसत नाही," वीरभद्रप्पा म्हणाला.

शुक्रवार पेठेतल्या त्याच्या दुकानात शिरताना गिऱ्हाइकाच्या मनगटाला पट्टा बांधत. वस्तू किती हवीशी वाटते ते पट्टा नाडीवरून ओळखी, आणि तेवढाच भाव वस्तूखालच्या पाटीवर उमटे. सगळं कसं पारदर्शक.

केराबाईची हयात मेंढ्यांच्या बाजारात घासाघीस करण्यात गेलेली. हवा तो मेंढा सोडून भलत्याचाच भाव आधी विचारायचा, ही तिची रीत. तिनं लाल मिक्सरचा भाव विचारला. मिक्सरची पाटी ढिम्म. मग तिरक्या नजरेनं शेजारचं यंत्रहृदय पाहिलं. तिथला आकडा जागच्या जागी चौपट झाला.

बाहेर पायरीवर तिचा नवरा हरिबा बसला होता. त्याच्या छातीतलं मॉडेल आता जुनं झालं होतं. कंपनी ते संक्रांतीला बंद करणार होती. तसा मेसेजही आला होता, हात जोडलेल्या चित्रासकट. नवं घ्यायला तो स्वतः आत गेला की आकडा पाटीत मावत नसे.

"आता गं?"

"आता तुमी मला नकोसं व्हायला पायजे. दोन म्हैनं हायती. जमतंय की."

"चाळीस वर्सांत जमलं न्हाय व्हय?" हरिबा खो खो हसला.

केराबाई कामाला लागली. आधी त्याच्या भाकरीवरचं लोणी बंद झालं. मग शेजारी बसणं. मग बोलणं. दर सोमवारी ती दुकानात जाई आणि आकडा उतरलेला असे. हरिबा काचेतून पाटी बघून मांडीवर थाप मारी. "लई गुणाची हायस!"

एका दुपारी त्याला धाप लागली. पाणी मागून मागून तो भिंतीला टेकला.

"नाटक लई भारी करतीस की," तो कसाबसा म्हणाला.

तिनं टीव्हीचा आवाज वाढवला. जाहिरात रंगात आली होती.

भोगीच्या दिवशी, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी चुकवत, दोघं दुकानाशी आली. केराबाई आत गेली. हृदयाची पाटी एक रुपयावर येऊन थांबली.

वीरभद्रप्पा खुर्चीतून उठला. "मावशी, आजवर हे कुणाला जमलं नाही बघा! बांधू?"

बाहेर हरिबानं दोन्ही तळवे काचेला लावले होते.

"ऱ्हाऊ द्या," केराबाई म्हणाली. "त्यो लाल मिक्सर केवढ्याला?"

मिक्सरच्या पाटीवरचा आकडा थरथरला आणि भराभर चढू लागला.