जोडीवाले सर

“इथे तुम्ही ‘कुबडी’ लिहिलंत. बाकी जवळजवळ सगळ्यांनी ‘बूट’ लिहिलंय. तुम्हाला हे कसं सुचलं?” चौकशीला बसलेल्या अधिकारी बाईंनी उत्तरपत्रिका मुलीपुढे सरकवत विचारलं.

मुलगी खुर्चीच्या टोकावर बसली होती. शेजारच्या खुर्चीत तिचे वडील, म्हणजे गाव ज्यांना जोडीवाले सर म्हणतं ते. शब्दांच्या जोड्या लावायला शिकवावं तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे. लोक विसरले तर सर स्वतः आठवण करून द्यायचे.

प्रश्न तसा साधा. डोळ्यांना चष्मा, तर पायांना काय? मोजा, बूट, कुबडी की गुडघा? पण हा प्रश्न सरांनीच काढलेला होता आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

झालं होतं असं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनांची भरती निघाली आणि शब्दांचा पेपर काढायला सरांना बोलावणं आलं. उभ्या हयातीत असा मान पहिल्यांदाच मिळत होता. आपली लेक याच परीक्षेला बसणार आहे, हे त्यांनी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. सर मूग गिळून बसले. पण माणूस लबाड नव्हता हो. पेपरातला एक शब्दही त्यांनी घरात फुटू दिला नाही. तरी मनाला टोचणी लागलीच. उद्या कुणी बोट दाखवलं तर? म्हणून त्यांनी एक शक्कल लढवली.

भरतीच्या परीक्षांसाठी सर क्लास घ्यायचे आणि तिथे त्यांचा एकच मंत्र होता. जोडी दिसली की तिला बांधणारं पहिलं वाक्य मनात येईल ते पकडायचं आणि तेच दुसऱ्या जोडीला लावायचं. दुसरा विचार केला की मेलात. आता पेपर काढताना सरांनी असे प्रश्न रचले, की पहिलं वाक्य पकडणारा हमखास खड्ड्यात जावा. चष्मा डोळ्यांवर घालतात, बूट पायात घालतात, आणि पडलात. आपली लेक आपलंच शिकवलेलं चालवणार, त्यामुळे या पेपरात तीही आपटणार, बाकीच्या विषयांवर कशीबशी काठावर निघेल आणि आपल्या नावाला बट्टा लागणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. क्लासची बाकीची मुलंही याच परीक्षेला बसणार, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

निकाल लागला. सरांच्या क्लासची मुलं झाडून सगळी आपटली. लेक पहिली आली.

मग काय विचारता. मुलांचे आईबाप दारात येऊन उभे राहिले. आमच्या मुलांच्या पायात बूट घातलेत आणि घरच्या पोरीच्या हातात गुपचूप कुबडी दिलीत, असं एकजण तोंडावर म्हणाला. तक्रार कचेरीत गेली, नेमणूक अडकली आणि चौकशी लागली. सर करायला गेले एक आणि झालं भलतंच. पहिल्या नंबरावर आलेली पोर दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेली. कुरिअरच्या काउंटरवर तिची उमेदीची वर्षं गेली होती, तीही हंगामी पगारावर. पुढच्या भरतीला तिचं वय बसणार नव्हतं. ही नोकरी हातची गेली की काउंटर काही सुटत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“मी बाबांकडे बघून लिहिलं,” मुलगी म्हणाली. बाईंच्या भुवया वर गेल्या तशी ती घाईघाईने पुढे बोलली. “म्हणजे घरी बघते ना रोज. चष्मा सापडला नाही तर बाबांना दार कुठलं नि भिंत कुठली ते कळत नाही. बूट सापडला नाही तर माणूस अनवाणी चालतो. चष्मा लागतो तो डोळे अधू झाल्यावर. मग पाय अधू झाले तर कुबडीच लागणार.”

बाईंनी तिला सरांच्या त्या पहिल्या वाक्याच्या मंत्राबद्दल विचारलं. मुलीने एकदा वडिलांकडे बघितलं आणि मान खाली घातली. क्लासमध्ये ती मागच्या बाकावर बसायची आणि बाकाखाली स्वेटर विणायची, असं तिने सांगून टाकलं. तो मंत्र तिला कधी पटलाच नव्हता. घाईने जोडलेली जोडी टिकत नाही, असं तिला वाटायचं. बाबांना वाईट वाटेल म्हणून ती इतकी वर्षं गप्प होती.

“त्यांचं ऐकलं असतं तर मीही बूटच लिहिलं असतं,” ती हळूच म्हणाली.

बाईंना हसू आलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. सरांनी नातं लपवलं ही चूकच, त्यांना इथला पेपर पुन्हा काढायला मिळणार नाही, असं त्या स्पष्ट बोलल्या. पण पोरीचं म्हणणं त्यांना पटलं होतं. बाहेर व्हरांड्यात सरांच्या विद्यार्थ्यांचे आईबाप बसले होते. दार अर्धवट उघडंच होतं.

“सर, तुमचं शिकवणं हिला कधी लागलंच नाही, एवढं तुमच्या तोंडून येऊ द्या,” बाई म्हणाल्या. “हिची नेमणूक मी आत्ताच पक्की करते.”

मुलीने वडिलांकडे बघितलं. आजवर तिने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. सरांना तिची दया आली, अगदी मनापासून आली. हो म्हणायचं असं ठरवूनच त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेर कुणीतरी खाकरलं. बाकावरची सगळी माणसं कान देऊन ऐकत होती.

सर खुर्चीत ताठ झाले.

“पोर भोळी आहे, मॅडम,” ते बाहेर नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “हिला जे काही येतं ना, ते अक्षर न् अक्षर मी शिकवलंय.”