पाहुणी

सिंगापूरच्या युनिव्हर्सिटीतून प्रणिता घरी निघाली ती चिडूनच. सैबेरियातल्या जंगलात राहणाऱ्या नेनेत्स लोकांची बोली आता फार थोड्यांच्या तोंडी उरली आहे. त्या बोलीच्या अभ्यासासाठी प्रणिताकडे आलेल्या रेकॉर्डिंगवर तिथली एक आजी बोलत होती ती मात्र उघड्या टुंड्रातल्या नेनेत्सांची भाषा! दोन्ही बहिणीच, पण एकीचं दुसरीला धड कळत नाही. प्रणिताने तिथे रेकॉर्डिंग करणाऱ्या दुभाष्या मुलीला स्काइपवर झापलं.

"मी टुंड्राकडची ना," ती म्हणाली, "आजीकडे पाहुणी. मला समजावं म्हणून आजी माझ्यासारखं बोलली."

यिशुन भागातल्या तिच्या फ्लॅटचं दार उघडंच होतं. आत सासूबाई धुळ्याच्या बहिणीशी फोनवर अहिराणीत बोलत होत्या, खळखळून हसत होत्या. पुण्याच्या प्रणिताला त्यातलं निम्मंही कळेना. ती दिसताच त्यांनी फोन ठेवला आणि नेहमीच्या पुणेरी मराठीत म्हणाल्या, "आलीस? चहा टाकते हं."

प्रणिता दारातच थबकली. लग्न झाल्यापासून हे माणूस आपल्यासाठी स्वतःची भाषा चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवत आलंय! तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"चहा मी करते, आई. तुम्ही मावशींशी बोलत होतात ना, तसंच माझ्याशी बोला."

"तुला कळायचं नाही गं."

"नाही कळलं तर विचारीन. मी काय पाहुणी आहे?"

 सासूबाई सोफ्यावर सरकून जागा करत म्हणाल्या, "मंग ये व माय, आठे बठ."