हातभर खालचं पाणी

गावोगाव पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने बाही खांद्यापर्यंत सारली, बाटलीचं तोंड अंगठ्याने दाबलं आणि हात पाटात घातला. पार खाली नेऊन अंगठा काढला, बुडबुडे आले, अंगठा परत बसला. बाटली वर आली ती काचेपेक्षा नितळ. हातच तसा होता त्याचा. डांबराच्या पिंपातूनही त्याने आंघोळीपुरतं चांगलं पाणी काढून दिलं असतं.

वरचं पाणी मात्र सात रंगांत चमकत होतं. वळणापलीकडे त्याच्या थोरल्या मुलाचं गाड्या धुवायचं दुकान. तिथलं जळकं ऑइल, सांडलेलं डिझेल, सगळं उताराने पाटात. पाटावर बेडकाने उडी मारली, तर म्हणे तो बुडत नसे. घसरत घसरत थेट पुढच्या शिवारात पोचायचा.

"नमुना हातभर खालून घ्यायचा, म्हणजे वरचा कचरा येत नाही. नियमच आहे," तपासणीचा साहेब म्हणाला. त्याने बाटली उन्हात धरली. "फर्स्ट क्लास! कुठंय तेल? कोणाची तक्रार होती ही?"

"माझी."

पाटाच्या शेपटाला, अगदी शेवटच्या गावात दिलेली पाटकऱ्याची लेक काठावर उभी होती. एका कडेवर मलूल पोर, दुसऱ्या कडेवर कळशी, कळशीवर पालथा पेला.

"आमच्याकडे पाणी येतं तेच वीतभर, साहेब. हातभर खालून काढायला हात मातीत घालू का? पोर आठवडाभर ओकतंय. डॉक्टर म्हणतात, पाणी बदला."

"अगं, हळू बोल," पाटकरी तिच्या कानाशी लागला. "दादाचं दुकान बंद करतील. चार तोंडं आहेत तिथे खाणारी."

"आमच्याकडे तीन आहेत. पिणारी."

साहेब हसला. "ताई, तुमच्या वडिलांनाच विचारा की. बाप काय लेकीला खोटं सांगेल?"

"विचारते ना." तिने पोराला सावरत कळशी काठावर टेकवली, तिच्यातल्या घरच्या पाण्याने पेला भरला आणि बापापुढे धरला. "प्या, बाबा. चांगलं आहे म्हणा, तक्रार इथल्या इथे मागे घेते."

आता माघार नव्हती. पाटकऱ्याने पेला घेतला. साहेबाकडे बघून, यात काय एवढं, अशा थाटात हसला. पेला ओठांशी नेला आणि घोट घेण्याआधी, दुधावरची साय सारावी तशी, त्याने सवयीने हलकेच फुंकर मारली. तवंग पेल्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन बसला.

साहेब बाटलीचं बूच घट्ट करू लागला. ते आधीच घट्ट होतं.

लेकीने घसरलेलं पोर कडेवर वर घेतलं.

"याला अजून फुंकता येत नाही, बाबा."