घरोघरी फिरलेलं पुस्तक

कमी खर्चात, सेंद्रिय धान्यभाज्यांचा पौष्टिक स्वयंपाक शिकवणारं एक पुस्तक आमचं वाचनालय निवडणार होतं. शेवटच्या फेरीतली दोन्ही पुस्तकं सभासदांच्या घरोघरी फिरून आज परत आली. त्यातलं एक मी लिहिलेलं.

त्याची दशा बघून मी ते घाईघाईने उघडून चाळलं. पानं फुगलेली, जागोजागी पिठाची बोटं, आणि भोपळ्याच्या पानाला चक्क भोपळा चिकटलेला! शेजारी दुसऱ्या लेखिकाबाईंचं पुस्तक, कोरं करकरीत.

"बघा, लोकांनी किती जपलंय!" बाई सगळ्यांना दाखवत म्हणाल्या.

"जपलंय खरं," ग्रंथपाल म्हणाले. "आमच्याही घरी टीपॉयवरून हललं नाही." मग माझ्याकडे वळले. "ताई, तुमचं मात्र बायको परतच देईना. शेवटी ओट्यावरून पळवून आणलं."

त्यांनी 'प्रथम' लिहिलेला सोनेरी स्टिकर माझ्या पुस्तकावर दाबला. सुटला. पुन्हा दाबला, पुन्हा सुटला. इतक्या घरांचे तेलकट हात लागलेल्या त्या कव्हरवर तो चिकटेल कसा?

शेवटी मीच तो कपाळावर चिकटवला आणि भर रस्त्यातून तशीच घरी गेले.