रिकाम्या आकाशाचा धडा

"पाटील, बंदूक जरा इकडं द्या," म्हणत धर्मपाल मास्तरांनी हात पुढे केला आणि खाडकन त्यांच्या मुस्काटात बसली.

"माह्या बंदुकीले हात लावतं?" पंजाबराव गरजला. "काय दाखवाचं ते तोंडानं सांग. करतो मी."

कडुलिंबाखाली प्रयोग पाहायला सातवीचा वर्ग बसला होता. मास्तरांनी ओठावरचं रक्त बाहीला पुसलं.

चार वर्षांपूर्वी याच पंजाबरावाने त्यांच्या धाकट्या भावाला, श्रावणला, कुऱ्हाडीच्या दांड्याने ठेचून मारलं होतं. श्रावणने गावविहिरीवर पाणी भरलं होतं, एवढाच गुन्हा. मास्तरांच्या घराने बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा, खुनाच्या दिवशी सगळं गाव नेरच्या बाजाराला गेलेलं निघालं. पाटील सुटला आणि वर शाळा समितीचा अध्यक्ष झाला. मास्तरांच्या पोटातली आग काही विझली नाही.

आज प्रयोगाला पाटलाची बंदूक येणार हे कळताच सत्यभामेने नवऱ्याला शपथ घातली होती. "पंचशील घेतलं आपण. बंदुकीले हात लावसान, त माहं मेलं तोंड पाहासान."

आता तर प्रश्नच मिटला होता. मास्तर मुलांकडे वळले.

"रशियाचा माणूस यंदा पृथ्वीभोवती फिरून आला. उद्या ताऱ्यांकडंही जाईल. पण ताऱ्यांच्या वाटेवर हवा नाही, जमीन नाही. मग यान रेटा कशाला देईल?"

"कायलेच नाही!" पंजाबराव हसला. "बंदूक लाथ मारते, कारण मागं खांदा असते. खांदाच नसला त लाथ कोणाले बसन? रिकाम्या जागी काही सरकत नाही, मास्तर."

चुकीचं उत्तर सुधारल्याशिवाय मास्तर कधी पुढे जात नसत; आज मात्र गेले.

"टांगून पाहा, पाटील," ते एवढंच म्हणाले.

फांदीला दोन दोर सकाळपासून लोंबत होते. रानडुकरं मारायची ती ठासणीची भरमार बंदूक पंजाबरावाने स्वतःच त्यात अडकवली. मास्तरची चांगली जिरवायची म्हणून बंदुकीची दारूही दुप्पट ठासली. समोर बांधावर मडकं ठेवलं.

"पोरांनो, नळीपासून लांब व्हा. पाटील, तुमीबी समोर राहू नका." मास्तरांचा आवाज अगदी मायेचा होता.

पंजाबराव बंदुकीमागे उकिडवा बसला. नेम धरायला डोळा थेट मागच्या लाकडी दस्त्याला लावला आणि घोडा ओढला.

बार झाला. मडकं फुटलं. मागे उसळलेल्या दस्त्याने पंजाबरावाचं कपाळ नारळासारखं फोडलं. तो उताणा पडला, टाचा घासल्या, मग टाचाही थांबल्या. पुढच्या रांगेतल्या पोरींच्या परकरांवर रक्त उडालं होतं.

पोलीस आले. चाळीस मुलांनी एकच साक्ष दिली. गुरुजींनी बंदुकीला बोटही लावलं नव्हतं.

घरी सत्यभामा दारातच उभी होती. "खरं सांगा. हात लावला काय?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तो लावू देणार नाही, हे म्या गणितातच धरलं होतं."