ठेवणीतला ठेका

गल्फमधल्या खोर फक्कानच्या आमच्या कोकणी मंडळात ढोलकी वाजवणारा मी एकटाच. त्यामुळे शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबांच्या सामन्यात दोन्ही पार्ट्यांना साथ माझीच असायची. तुरेवाल्यांचा शाहीर रामेश्वर माझ्याच गावचा, माझा रूममेट.

मध्यंतरी मी घरी फोन केला, तेव्हा माझ्या पोराने रिसीव्हर आईकडे देत सांगितलं, "आये, कुनी तरी काका हायत." हे मी फक्त रामेश्वरला बोललो होतो. माझ्याबरोबर तोही रडला होता.

या वर्षी त्याने नवी चाल काढली, पण शब्द काही सांगेना. म्हणाला, "ते सामन्यातच ऐक. तू नुसता झकास ठेका बांध, यल्ला, चल!" मी माझा ठेवणीतला ठेका त्याला दिला.

शुक्रवारी मंडप खचाखच भरला. रामेश्वरने समोरच्या शाहिराला सवाल टाकला,

"गल्फवाल्याला पोर म्हणतं काका,
मग पोराचा बाप कोण, शाहिरा सांगा!"

मंडप हसून लोळायला लागला. चारी बाजूंनी 'वन्स मोर' आला. रामेश्वरने माझ्याकडे न बघताच हाताने इशारा केला.



मी पुन्हा तोच ठेका धरला.