गालातली गोळी

साथीच्या दिवसांत घरी येऊन आजोबांचं सगळं करणारी नर्स त्यांना दुपारी गोळी देऊन झोपवते आणि मागाहून काहीतरी काळंबेरं करते, याबद्दल आजोबांना तिळमात्र शंका नव्हती. "आज रंगेहाथ पकडतो. मग तू तिला हाकल," असं सुनेला बजावून त्यांनी गोळी गालात दडवली आणि खोटं घोरायला सुरुवात केली. नर्सने चोरट्या नजरेने दाराकडे पाहिलं, खुर्ची पलंगाशी ओढली, आणि गादीच्या काठावर डोकं टेकून मास्कसकट गाढ झोपली.

झोपेतच पुटपुटली, "आजी, कूस बदला हो. मला अजून पुढची घरं आहेत."

आजोबा मुकाट्याने कुशीवर वळले.

तेवढ्यात सून दारात आली. "सापडली का?"

"हळू बोल," आजोबा कुजबुजले, "पेशंटचा आत्ताच डोळा लागलाय."